टोनआर्मची भूमिती : पट्टीचं काम पट्टीने, कानाचं काम कानाने

ख्यालाच्या लाँग प्ले तबकडीची एक बाजू साधारण वीस-बावीस मिनिटांची असते. सुई बाहेरच्या कडेला टेकते तेव्हा संथ विलंबित चालू असतो. ती लेबलजवळ पोचते तोवर द्रुत रंगात आलेला असतो, ताना सुटलेल्या असतात, तबला चढलेला असतो. म्हणजे गाण्यातला सर्वांत दाट भाग तबकडीच्या सर्वांत अडचणीच्या जागी येतो. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या तबकडीवर बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंमी खोबण सरकते, अगदी आत जेमतेम २१ सेंमी. तेवढीच कंपनं निम्म्याहून कमी जागेत कोंबलेली असतात. टोनआर्म, म्हणजे सुई धरणारा दांडा, किंचित जरी चुकीचा लागला असेल, तर तो इथे उघडा पडतो.

वडिलांच्या तबकड्या माझ्याकडे आल्या तेव्हा प्रत्येक बाजूच्या शेवटच्या चार-पाच मिनिटांत आवाज फाटायचा. कार्ट्रिज, म्हणजे सुई असलेलं छोटं खोकं, एका दुकानातून बसवून आणलं होतं, "कानाने नीट लावलंय" असं सांगून त्यांनी दिलं होतं. घरी मोजलं तर सुई पाच मिलिमीटर मागे होती आणि तिच्यावरचा भार १.८ ऐवजी १.३ ग्रॅम होता. तेव्हापासून मी एक क्रम पाळतो, तोच इथे सविस्तर देतो. जे पट्टीने ठरतं ते आधी पट्टीने ठरवायचं. कानाला त्यानंतर बोलवायचं, आणि तेही त्याला झेपेल असाच प्रश्न घेऊन.

वाकडेपणा येतो कुठून

मूळ लॅकर (ज्यावरून पुढे तबकड्या छापतात ती पहिली चकती) कापताना कटर तबकडीच्या कडेपासून मध्याकडे सरळ रेषेत जातो. आपला टोनआर्म मात्र एका खुंट्याभोवती फिरतो, त्यामुळे सुईची वाट कमानीसारखी असते. कॅन्टिलिव्हर, म्हणजे सुईची दांडी, खोबणीला समांतर असायला हवी. कमानीवर ती सगळीकडे समांतर राहू शकत नाही. हा कोनातला फरक म्हणजे ट्रॅकिंगची चूक.

१९२४ साली इंग्लंडमध्ये पर्सी विल्सन यांनी यावरची वाट मांडली : सुई स्पिंडलच्या, म्हणजे तबकडीच्या भोकातल्या खिळ्याच्या, थोडी पुढे जाऊ द्यायची आणि टोनआर्मचं डोकं आतल्या बाजूला वळवायचं. पुढे जाण्याच्या अंतराला ओव्हरहँग म्हणतात, वळवण्याला ऑफसेट कोन. दोन्ही नीट जुळले की संपूर्ण बाजूवर दोन जागा अशा मिळतात, जिथे चूक शून्य होते. १९३८ मध्ये स्वीडनच्या एरिक लॉफग्रेन यांनी आणखी एक महत्त्वाची गोष्ट दाखवली. नुसता चुकीचा कोन कमी करून भागत नाही, कोन भागिले त्रिज्या हे गुणोत्तर कमी करायला हवं, कारण तेवढाच कोन आतल्या खोबणीत जास्त विकृती करतो. १९४१ मध्ये बेअरवॉल्ड यांनी तेच गणित इंग्रजीत मांडलं. त्यामुळे लॉफग्रेन यांची पहिली मांडणी बहुतेक ठिकाणी बेअरवॉल्ड याच नावाने ओळखली जाते.

आज तीन मांडण्या प्रचलित आहेत. शून्याच्या जागा मध्यापासून मोजायच्या. बेअरवॉल्डच्या ६६ आणि १२०.९ मिमीवर येतात. लॉफग्रेनच्या दुसऱ्या मांडणीच्या ७०.३ आणि ११६.६ वर. १९६६ मध्ये स्टीव्हन्सन यांनी मांडलेल्या तिसरीच्या ६०.३ आणि ११७.४ वर. बेअरवॉल्डमध्ये चूक बाहेर, मधे आणि आत सारखी वाटली जाते. लॉफग्रेनची दुसरी बाजूभरची सरासरी कमी करते, पण टोकांना थोडं जास्त सोसते. स्टीव्हन्सन अगदी आतल्या खोबणीला झुकतं माप देते आणि त्याची किंमत मधल्या भागात वसूल करते.

आधी आपल्या तबकड्या मोजा

ही पायरी लोक सर्रास गाळतात. या सगळ्या मांडण्या संगीत कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं यावर उभ्या आहेत. बाहेरचं टोक १४६.०५ मिमी आणि आतलं ६०.३२५ मिमी ही प्रमाणं त्यासाठी धरलेली आहेत. तुमच्या तबकड्यांवर मात्र संगीत तिथेच संपेल असं नाही.

तुम्ही खरोखर ऐकता त्या दहा-बारा तबकड्या काढा. उजेडात तिरक्या धरल्या की शेवटची दाट खोबण आणि नंतरची मोकळी जागा स्पष्ट दिसते. भोकाच्या मध्यापासून शेवटच्या संगीतापर्यंतचं अंतर पट्टीने मोजा आणि लिहून ठेवा. बहुतेक आकडे ६५ च्या पुढे आले, तर स्टीव्हन्सनचा फायदा तुम्हाला जवळपास मिळणारच नाही. ते ५८ ते ६१ च्या दरम्यान आले, आणि तिथे तराणा किंवा द्रुत असेल, तर स्टीव्हन्सन गंभीरपणे विचारात घ्या. माझ्या घरच्या बऱ्याचशा तबकड्या ६१ ते ६४ मध्ये संपतात, म्हणून मी बेअरवॉल्डवर थांबलो. हा निर्णय कानाने घ्यायचा नाही. तुमच्या फळीवर काय आहे, त्यावरून तो ठरतो.

एक खरं उदाहरण

टेक्निक्सचं एसएल-१२०० हे टर्नटेबल घेऊ. त्याचा खुंटा आणि स्पिंडल यांतलं अंतर २१५ मिमी आहे. खुंट्यापासून सुईपर्यंतची लांबी काढायला हे अंतर वर्गात घ्या, त्यात दोन्ही शून्यबिंदूंचा गुणाकार मिळवा आणि वर्गमूळ काढा. बेअरवॉल्डसाठी गुणाकार सुमारे ७९८०. म्हणून लांबी २३२.८, आणि ओव्हरहँग १७.८ मिमी. लॉफग्रेनच्या दुसऱ्या मांडणीसाठी १८.३. स्टीव्हन्सनसाठी १५.९.

कंपनीने दिलेला ओव्हरहँग १५ मिमी आणि कोन २२ अंश आहे. त्यातून शून्याच्या जागा साधारण ५८.८ आणि ११३.५ मिमीवर येतात, म्हणजे कंपनीचा कल स्टीव्हन्सनपेक्षाही थोडा आत आहे. त्यात चूक काही नाही, ती त्यांची निवड आहे. बेअरवॉल्ड हवं असेल तर कार्ट्रिज जवळपास तीन मिलिमीटर पुढे घ्यावं लागतं आणि पावणेदोन अंशांनी स्पिंडलच्या बाजूला वळवावं लागतं. काही कार्ट्रिजना तिथे हेडशेलच्या, म्हणजे टोनआर्मच्या डोक्याच्या, खाचा पुरत नाहीत. अशा वेळी ओढाताण करू नका, कंपनीची मांडणी ठेवा.

बेअरवॉल्ड अचूक लागलं की बाहेरच्या कडेला चूक १.९ अंश, मधे १.१, अगदी आत पाऊण अंशाच्या आसपास राहते. चांगल्या जोरकस आवाजाला, म्हणजे सुईचा वेग सेकंदाला १० सेंमी असताना, यातून उपजणारी विकृती तिन्ही जागी ०.६ टक्क्यांच्या आसपास असते. आता सुई एक मिलिमीटर जास्त पुढे गेली असं धरा. आतला शून्यबिंदू ६६ वरून जवळपास ७५ वर सरकतो, आणि अगदी आतल्या खोबणीत चूक पाऊणवरून १.७ अंशांवर जाते. विकृती दुपटीहून अधिक. तीच सुई एक मिलिमीटर मागे राहिली तर आतला बिंदू ५९ वर येतो, आणि भोगावं लागतं ते मधल्या भागाला. म्हणून अर्ध्या मिलिमीटरची काळजी घेणं हा खुळेपणा नाही. त्याखाली जाण्यात मात्र फार अर्थ नाही : बेअरवॉल्ड आणि लॉफग्रेनच्या दुसऱ्या मांडणीत मुळात फरकच अर्ध्या मिलिमीटरचा आहे.

हातात काय हवं

स्टीलची पट्टी, भिंग, बारीक चिमटा, योग्य मापाचा स्क्रू ड्रायव्हर, ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा सुईचा वजनकाटा, छोटी पाणसळ आणि प्रोट्रॅक्टर, म्हणजे सुईची जागा आणि कोन तपासायचा आखलेला कागद. प्रोट्रॅक्टर घरी छापणार असाल तर प्रिंटरला 'पानात बसव' हा पर्याय देऊ नका. शंभर टक्के आकारात छापा, आणि पानावरची १०० मिमीची रेघ उभी आणि आडवी अशी दोन्हीकडून मोजा. काही प्रिंटर एका दिशेने कागद ताणतात, मग सगळं काम वाया जातं. स्पिंडलचं भोक नीट गोल आणि घट्ट बसेल असं कापा, तिथला ढिलेपणा थेट मापात उतरतो.

टर्नटेबल पाणसळीने सपाट करा. अँटीस्केटिंग, म्हणजे टोनआर्मला हलकेच बाहेर ओढणारी सोय, शून्यावर ठेवा. भार आधी अंदाजे योग्य ठेवा, कारण भाराने सुई वर उचलली जाते आणि टेकण्याची जागा थोडी बदलते. स्क्रू फिरवताना सुईवर टोपण असलंच पाहिजे.

बसवण्याचा क्रम

आधी अंतर, मग कोन. उलट करू नका. बाजारातले बहुतेक प्रोट्रॅक्टर दोन बिंदूंचे असतात : सुई आतल्या बिंदूवर ठेवून कार्ट्रिज रेघांना समांतर करायचं, मग बाहेरच्या बिंदूवर तपासायचं. पद्धत बरोबर आहे, पण अंतराच्या बाबतीत ती कमकुवत आहे. सुई एक मिलिमीटर पुढे असताना आतल्या बिंदूवर कोन जुळवला, तर बाहेरच्या बिंदूवर फरक दिसतो तो अर्ध्या अंशाहूनही कमी. पंधरा मिलिमीटर लांबीच्या कार्ट्रिजच्या कडेवर तो मिलिमीटरच्या जेमतेम एका दशांशाएवढा होतो. इतकं उघड्या डोळ्यांना दिसत नाही. मीही कित्येकदा 'दोन्ही बिंदू जुळले' म्हणून समाधानाने उठलो आहे, आणि सुई मिलिमीटरभर चुकलेली निघाली आहे.

म्हणून अंतरासाठी कमानीचा प्रोट्रॅक्टर वापरा. जाड कागदावर स्पिंडलचा मध्य आणि त्यापासून २१५ मिमीवर खुंट्याचा मध्य आखा. खुंट्याच्या मध्यावर कंपासचं टोक ठेवून २३२.८ मिमी त्रिज्येची कमान काढा. कागद तबकडीच्या जागी ठेवून त्याचं खुंट्याचं चिन्ह खऱ्या खुंट्याच्या मध्याकडे रोखा. आता टोनआर्म हळूहळू बाहेरून आत नेत सुई ठिकठिकाणी कमानीवर टेकवून पाहा. ती सगळीकडे रेघेवर पडली, की अंतर बरोबर. बाहेर रेघेवर आणि आत रेघेच्या एका बाजूला पडत असेल, तर कागद वळला आहे किंवा खुंट्याचा मध्य चुकला आहे. भिंग सरळ वरून धरा, तिरपं पाहिलं तर सहज अर्धा मिलिमीटर फसतो. खाली आरसा असेल तर सुई आणि तिचं प्रतिबिंब एका रेषेत आल्यावरच वाचा.

अंतर जमलं की दोन्ही स्क्रू इतकेच सैल करा की कार्ट्रिज जागच्या जागी वळेल पण घसरणार नाही. मग शून्यबिंदूवर कॅन्टिलिव्हर रेघांना समांतर करा. कार्ट्रिजचं खोकं नव्हे, कॅन्टिलिव्हर. सुई खोक्यात किंचित वाकडी बसलेली असणं हे अगदी सामान्य आहे. दांडी फार आखूड असेल तर यांत्रिक पेन्सिलीची ०.५ मिमीची शिसं कार्ट्रिजच्या पुढच्या चपट्या भागावर आडवी चिकटवा, लांब रेघ मिळाली की कोन लगेच दिसतो. फक्त ती खोक्याचा कोन दाखवते, दांडीचा नाही, हे विसरू नका. बाहेरच्या बिंदूवर कार्ट्रिज जरा जास्तच स्पिंडलकडे तोंड करून दिसलं, तर सुई पुढे गेलेली आहे, मागे घ्या. उलट दिसलं तर पुढे. स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे घट्ट करा आणि शेवटी पुन्हा एकदा कमानीवर तपासा, कारण घट्ट करतानाच कार्ट्रिज हमखास हलतं.

भार, उंची, तिरपेपणा

भार वजनकाट्याने मोजा, काउंटरवेटवरचे, म्हणजे टोनआर्मच्या मागच्या वजनावरचे, आकडे फक्त अंदाजासाठी. काट्यावर सुई टेकते ती जागा तबकडीच्या उंचीला असायला हवी. ऑर्टोफोनच्या २एम रेडला १.८ ग्रॅम, ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम ९५ मालिकेला २ ग्रॅम असं प्रत्येकाचं ठरलेलं असतं. कंपनीने दिलेल्या मर्यादेतल्या मधल्या आकड्यापासून सुरुवात करा आणि कधीही खालच्या टोकाला जाऊ नका. कमी भाराने तबकडी वाचते हा जुना गैरसमज आहे. सुई खोबणीत उड्या मारायला लागली की ती भिंती खरवडते, आणि ते नुकसान भरून येत नाही.

उंचीबद्दल थोडक्यात. टोनआर्म तबकडीला समांतर ठेवा आणि सोडून द्या. २३० मिमी लांबीच्या टोनआर्मची मागची बाजू ४ मिमीने उचलली तेव्हा कुठे कोन एका अंशाने बदलतो. जाड आणि पातळ तबकडीतला फरक तर मिलिमीटरच्याही आत असतो. लंबवर्तुळाकार टोकाच्या साध्या सुईने मला दोन मिलिमीटर वरखाली केल्याचा फरक, कुठलं काय हे माहीत नसताना ऐकल्यावर, कधीच ओळखता आलेला नाही. बारीक रेघेसारख्या टोकाची सुई असेल तर थोडा वेळ द्यायला हरकत नाही.

तिरपेपणा, म्हणजे समोरून पाहताना सुई सरळ उभी आहे की नाही, आधी आरशावर पाहा. त्यानंतर चाचणीची तबकडी असेल तर खरं मोजमाप करता येतं : फक्त डाव्या वाहिनीत असलेला १००० हर्ट्झचा सूर वाजवून उजव्या वाहिनीत किती गळतो ते ऑडॅसिटी या ध्वनिमुद्रणाच्या संगणक-प्रोग्रॅममध्ये बघा, मग उलट. दोन्ही गळती सारख्या आल्या की थांबा. साध्या कार्ट्रिजला २० ते २५ डेसिबलचं अंतर मिळालं तर ते उत्तम आहे.

आता कान

कानसेन असणं ही आपल्याकडे मानाची गोष्ट आहे, आणि ती तशी असावीही. जवारी किंचित उतरलेला तंबोरा ओळखणारा कान कुठल्याही उपकरणाहून कमी नाही. पण त्या कानाला योग्य प्रश्न विचारायला हवा. 'ओव्हरहँग बरोबर आहे का' हा प्रश्न तो सोडवू शकत नाही, आणि त्याचं कारण संगीतातच आहे. ट्रॅकिंगच्या चुकीने मुख्यतः दुसरा हार्मोनिक वाढतो. षड्जाचा दुसरा हार्मोनिक म्हणजे तार षड्ज. अर्धा-एक टक्का तार षड्ज मूळ षड्जात मिसळला, तर कान त्याला बेसूर म्हणत नाही, फार तर आवाज थोडा भरल्यासारखा वाटतो. काहींना तो आवडतोसुद्धा. गायक, हार्मोनियम आणि तबला एकत्र असले की सूर एकमेकांत मिसळून खरखरीत उपसूर तयार होतात, तेव्हा कुठे तक्रार सुरू होते.

खरं फाटणं वेगळं असतं. सुई खोबण सोडते तेव्हा 'स' आणि 'श' थुंकल्यासारखे येतात, तार सप्तकातली तान चिरते. माझ्या पहिल्या फाटण्याचा मोठा भाग याच प्रकारचा होता. भूमिती सुधारल्यावर ते थोडं कमी झालं, भार १.८ केल्यावर जवळपास गेलं. हा फरक कानाने लगेच पकडला, आणि तिथे त्याच्यावर पूर्ण विश्वास ठेवावा.

अँटीस्केटिंगचंही तसंच. डोकं वळवल्यामुळे टोनआर्म सतत आत ओढला जातो, सुई आतल्या भिंतीवर दाबली जाते आणि बाहेरची भिंत सैल पडते. आतली भिंत डाव्या वाहिनीची, बाहेरची उजव्या. म्हणून फाटणं फक्त उजव्या स्पीकरमध्ये ऐकू येत असेल तर अँटीस्केटिंग वाढवा, फक्त डाव्यात तर कमी करा. दोन्हीकडे सारखं असेल तर भार किंवा सुईची झीज पाहा. खोबण नसलेल्या गुळगुळीत तबकडीवर टोनआर्म स्थिर राहील असं लावण्याची पद्धत मी सोडून दिली आहे, तिथलं घर्षण आणि खोबणीतलं घर्षण वेगळं असतं.

तंबोऱ्याचा एक उपयोग करून घ्या. तो बाजूच्या पहिल्या मिनिटापासून शेवटच्यापर्यंत तोच सूर, तसाच छेडत असतो. सुरुवातीचा तंबोरा ऐका आणि शेवटच्या खोबणींत, दोन तानांच्या मधल्या श्वासात, पुन्हा ऐका. जवारीची झालर बाहेर मोकळी आणि आत मळलेली वाटत असेल, तर त्यातलं थोडं आतल्या खोबणीचं अटळ आहे. पण ती एकाच स्पीकरमध्ये मळलेली असेल, किंवा अचानक एका जागेपासून मळायला लागली असेल, तर शोध घ्या.

सर्वांत अवघड असतं ते बदलाच्या आधीचं आणि नंतरचं ऐकणं. स्क्रू सोडून, पुन्हा बसवून, भार तपासून ऐकायला बसेपर्यंत वीस मिनिटं जातात. तेवढ्या वेळात कान बारीक फरक विसरतो आणि मेहनत मात्र आठवत असते. म्हणून ध्वनिमुद्रण करा. तोच दोन मिनिटांचा शेवटचा तुकडा, तबकडी आणि सुई दोन्ही वेळा सारख्याच स्वच्छ करून, २४ बिटमध्ये घ्या. दोन्ही तुकडे एका दशांश डेसिबलच्या आत सारख्या पातळीवर आणा, कारण किंचित मोठा आवाज नेहमीच चांगला वाटतो. मग फूबार २००० या संगणकावरच्या प्लेअरमधल्या आंधळ्या तुलनेच्या (कुठला तुकडा वाजतोय हे न कळता ऐकायच्या) सोयीने, किंवा घरच्या कुणाला तरी तुकडे बदलायला सांगून, दहा वेळा ओळखायचा प्रयत्न करा. दहापैकी नऊ किंवा दहा बरोबर आले तर ते निव्वळ नशिबाने येण्याची शक्यता सुमारे एक टक्का आहे, तेव्हा फरक खरा माना. पाच-सहा बरोबर म्हणजे फरक तुम्हाला ऐकू येत नाही.

मी बेअरवॉल्ड आणि लॉफग्रेनची दुसरी मांडणी अशी तपासली. पहिल्या दिवशी दुसरी 'जास्त मोकळी' वाटली होती आणि मी तसं वहीत लिहूनही ठेवलं होतं. आंधळ्या तुलनेत दहापैकी पाच. तिरपेपणातला दोन अंशांचा फरक मात्र दहापैकी नऊ वेळा ओळखता आला.

आणि पट्टी बरोबर म्हणते तरी आवाज फाटतोच, असं झालं तर कानाला खोटं ठरवू नका. तोच भाग दुसऱ्या प्रतीवर ऐका. जुन्या काळी जड सिरॅमिक कार्ट्रिजखाली झिजलेल्या तबकड्या आपल्याकडे खूप आहेत, त्यांचं फाटणं खोबणीत कोरलेलं असतं. दुसरी प्रत स्वच्छ वाजली तर तुमचा टोनआर्म निर्दोष आहे. दोन्ही फाटल्या तर सुईचं टोक भिंगाखाली पाहा, किती तास वाजली ते आठवा, दांडी खोक्यात सरळ आहे का ते पुन्हा तपासा.

सगळं जमलं की आकडे एका चिठ्ठीवर लिहून टर्नटेबलच्या खाली चिकटवा : लांबी, ओव्हरहँग, भार, अँटीस्केटिंग, टोनआर्मची उंची आणि तारीख. पन्नासेक तासांनी स्क्रू आणि भार पुन्हा एकदा तपासा, नव्या सुईचा रबर तोवर थोडा बसलेला असतो.